खानावळीच्या वाटेवर बार

लोअर परळमधल्या जागा विकणाऱ्यांनी मधल्या काळात या भागाला एक नवं नाव शोधून काढलं होतं : 'अप्पर वरळी'. कोट्यवधींचा फ्लॅट 'लोअर' कशात तरी आहे हे चारचौघांत सांगताना गिऱ्हाइकाला ओशाळं वाटू नये, एवढाच त्यामागचा विचार. रेल्वेने ते नाव मनावर घेतलं नाही. पुढचं एल्फिन्स्टन रोड स्टेशन २०१८ साली प्रभादेवी झालं, पण लोअर परळची पाटी होती तशीच आहे. सकाळी साडेनऊला तिथे उतरून पुलावरून पाऊल पाऊल पुढे सरकणाऱ्या माणसांना अप्पर-लोअरशी काही देणंघेणं नसतं. पूर्वी या रस्त्यांवर भोंग्याबरोबर पाळ्या सुटत. आता गळ्यात ओळखपत्रं अडकवलेली मुलंमुली जातात-येतात आणि रात्री आठनंतर त्याच रस्त्यांवर मोटारींची रांग लागते. ती रांग जेवणाची असते आणि पिण्याचीही.

ज्या आवारांत ही हॉटेलं आणि बार आहेत त्यांच्या नावांतली 'मिल' तेवढी शिल्लक राहिली आहे. कमला मिल, मथुरादास मिल, फिनिक्स मिल. फिनिक्समध्ये नव्वदच्या दशकाच्या शेवटी बोलिंगचा खेळ आला तेव्हा आमच्या ओळखीचे जुने साचेवाले फाटकाबाहेर उभं राहून आत काय चाललंय ते बघत होते. मथुरादास मिलच्या आवारात २००७ साली 'ब्लू फ्रॉग' निघालं. गाणं ऐकत जेवायची-प्यायची जागा. ते चांगलं गाजलं आणि २०१६ साली बंदही झालं. २०१५ साली कमला मिलमध्ये 'द बॉम्बे कॅन्टीन' सुरू झालं. त्यामागे फ्लॉईड कार्डोझ होते. मुंबईत वाढून न्यूयॉर्कमध्ये नाव काढलेले हे शेफ २०२० च्या मार्चमध्ये करोनाने गेले. आपल्याकडची ज्वारी आणि ऋतूप्रमाणे येणाऱ्या भाज्या त्यांनी अशा लोकांच्या ताटात आणल्या ज्यांच्या घरी त्या केव्हाच बंद झाल्या होत्या. हे काम साधं नव्हे.

त्या 'कॅन्टीन' शब्दापाशी मात्र मी जरा अडखळतो. १९४८ च्या कारखाना कायद्यात एक कलम होतं. अडीचशेपेक्षा जास्त कामगार असतील तर मालकाकडून कॅन्टीनची सोय करून घेण्याचा अधिकार त्या कलमाने सरकारला दिला. म्हणजे गिरणीत कॅन्टीन हा हक्काचा शब्द होता. आता तो मेनूकार्डावरचा शब्द झाला आहे. यात कुणाचा दोष काढावा असं नाही. शब्दांचंही स्थलांतर होतं.

या भागाशी माझा संबंध पोटापाण्याचा. १९८३ साली मी एका राष्ट्रीयीकृत बँकेच्या तिथल्या शाखेत लागलो. मुंबईतल्या गिरण्यांचा संप १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले होते आणि मी टेबलावर बसलो तेव्हा संपाला वर्ष उलटून गेलं होतं. शाखेत शुकशुकाट. पगाराच्या दिवशी जिथे रांग दारातून फुटपाथवर जायची, तिथे आता खातं बंद करायला आलेली माणसं. माझ्याकडे जे काम दिलं होतं त्याला कागदावर 'दुर्बल घटकांना पतपुरवठा' असं भारदस्त नाव होतं. प्रत्यक्षात ते काम म्हणजे खानावळवाल्या बायकांच्या कर्जाचे हप्ते वसूल करणं.

ही कर्जं कशी आली ते सांगायला हवं, कारण आज ते फारसं कुणाला ठाऊक नाही. गिरणगावातला कामगार बहुतेक एकटा. बायकामुलं कोकणात नाहीतर घाटावर, आणि हा गावच्या मंडळाच्या खोलीत पंधरा-वीस जणांबरोबर. खोलीत सगळे एका वेळी झोपू शकत नसत. पाळीप्रमाणे झोपत. एक उठून कामाला गेला की त्याच वळकटीच्या जागी दुसरा. त्यांचं जेवण असे चाळीतल्या एखाद्या बाईकडे. तिचा नवरा वारलेला, आजारी, नाहीतर बदली कामगार म्हणून महिन्यातले निम्मे दिवस घरी. ती दहा, वीस, तीस माणसांना दोन वेळा जेवू घाले. या जेवणाऱ्यांना 'मेंबर' म्हणत. मेंबर पैसे द्यायचा महिन्याने, पगार झाल्यावर. तोवर वाण्याची उधारी तिच्या डोक्यावर आणि वाणी नडला की सावकार. १९७३-७४ च्या संपात या बायकांनी भांडीकुंडी गहाण टाकून मेंबरांना जेवू घातलं. तेव्हा प्रेमा पुरव यांचं त्यांच्याकडे लक्ष गेलं. गोवा मुक्तीच्या लढ्यातून आलेल्या या बाईंनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि खानावळवाल्यांना थेट बँकेच्या दारात उभं केलं. बँकांच्या राष्ट्रीयीकरणाला तेव्हा सहा वर्षं झाली होती. १९७२ पासून गरिबांसाठी चार टक्के व्याजाची योजनाही होती. तारण काय? काही नाही. एकीला दुसरी जामीन आणि दुसरीला तिसरी.

मी आलो तेव्हा अशी कर्जं आमच्या शाखेतही होती. रक्कम दीड हजार रुपये. अर्जावर 'तारण' या शब्दापुढे आडवी रेघ आणि खाली डाव्या हाताचा अंगठा. आमचे एक वरिष्ठ म्हणत, "ह्याला कर्ज म्हणतात होय? हे तर दान आहे." पुढे मी बऱ्याच मोठ्या कर्जांच्या फायली पाहिल्या. तारणाचं पान चांगलं जाडजूड असलेल्या आणि तरीही बुडालेल्या. तेव्हा मला ते वाक्य अनेकदा आठवलं.

डिलाईल रोडवरच्या एका चाळीत दुसऱ्या मजल्यावर ज्या मावशी होत्या, त्यांच्याकडे मी महिन्यातून एकदा जाई. पंधरा बाय दहाची खोली. दोन स्टोव्ह, एक शेगडी, पितळेचं मोठं पातेलं आणि भिंतीला टेकवून ठेवलेली ताटं. पहाटे साडेतीनला उठायचं, कारण नळाला पाणी चारला यायचं आणि पहिल्या पाळीचे डबे सहाच्या आत निघायला हवेत. घाटावरच्यांना भाकरी लागे, कोकणातल्यांना भात. एकाच ओळीत बसून दोघं एकमेकांच्या जेवणाला नावं ठेवत. बुधवारी मासळी, रविवारी मटण. सोमवारी सगळ्यांना उसळ आणि तक्रार करायची सोय नाही. जेवणाऱ्यांच्या पाठी भिंतीला लागलेल्या असत आणि त्यांच्या पलीकडे, बाजेखाली, मावशींचा मुलगा पाटी घेऊन अभ्यास करी. त्याच्याकडे आणखी एक काम होतं : उधारीची वही. मावशींना लिहिता येत नव्हतं. पाचवीतल्या मुलाच्या गोल अक्षरात त्या वहीत बावीस मेंबरांचे हिशेब होते आणि संप सुरू झाल्यापासून जमेची बाजू रिकामी होती.

"हा राजापूरचा," त्या एकेका नावावर बोट ठेवून सांगत. नाव वाचता येत नसे, पण कुठल्या पानावर कोण हे पाठ होतं. "पाच महिन्यांचे द्यायचेत. गणपतीला गेला तो आलाच नाही."

"मग?"

"मग काय साहेब, पत्र टाकलंय."

माझा पन्नास रुपयांचा हप्ता मात्र त्या पदराच्या गाठीतून काढून देत. कधी वीसच देत, पण रिकाम्या हाताने मी परतलो नाही. कशातून द्यायच्या? शेजारच्या एका सरकारी कचेरीतल्या कारकुनांचे डबे त्यांनी धरले होते. त्या कारकुनांना उधारी मिळत नसे. "त्यांचा पगार चालू आहे ना," असं मावशींचं त्यावर स्पष्टीकरण. ज्याचा पगार चालू त्याच्याकडून रोख घ्यायची आणि ज्याचा बंद त्याला उधार द्यायचं, असा पतपुरवठ्याचा नियम कुठल्याही बँकेच्या मॅन्युअलमध्ये मला सापडलेला नाही. संप अधिकृतपणे कधी मागे घेतला गेलाच नाही. मावशींचं कर्ज १९८७ साली फिटलं.

हे सगळं फार सुंदर होतं असं कुणी समजू नये. खानावळ म्हणजे एका बाईच्या कमरेवर वीस पुरुषांचं पोट. सुट्टी नाही, आजारपण नाही, आणि घरात वाढत्या वयाची मुलगी असेल तर जिवाला घोर. आणि दारू. जुन्या गिरणगावाच्या आठवणी काढणारे हा विषय हळूच वगळतात. पगाराच्या दिवशी गिरणीच्या फाटकावर बायका उभ्या असत. पाकीट नवऱ्याच्या खिशात गेलं की रस्त्यात गुत्ता, पुढे देशीचं दुकान आणि मग घर, हा क्रम त्यांना पाठ होता. जरा बरा पगार असलेला जॉबर परमिट रूममध्ये बसे. परमिट रूम हा शब्दही गमतीचा आहे. आपल्याकडे दारू विकण्याचा कायदा आजही मुळात १९४९ चा दारूबंदीचाच कायदा आहे. कागदावर प्रत्येक पिणाऱ्याकडे परवाना असायला हवा. आज हजार रुपयांचं कॉकटेल पिणारी मंडळी पाच रुपयांच्या एक दिवसाच्या परवान्यावर पितात, निदान कायद्याच्या नजरेत.

गिरण्यांच्या जमिनींचं काय झालं हे आता सर्वांना माहीत आहे, तेव्हा थोडक्यात. १९९१ च्या नियमावलीत जमिनीचे तीन भाग करायचे होते : एक महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. २००१ साली नियम बदलला आणि ही वाटणी फक्त मोकळ्या जमिनीपुरती उरली. ज्यावर गिरणी उभी होती ती जमीन वाटणीतून सुटली. २००६ साली सर्वोच्च न्यायालयानेही ते मान्य केलं. एका कंसातल्या बदलाने केवढी जमीन इकडची तिकडे होते, हे आम्हा कागद वाचणाऱ्यांना ठाऊक असतं. फाटकावर उभं राहणाऱ्यांना ते उशिरा कळतं.

माझी मुलगी याच भागातल्या एका कंपनीत नोकरी करते. मागच्या वर्षी माझ्या वाढदिवसाला तिने मला तिथल्या एका बारमध्ये नेलं. नाव सांगत नाही, जाहिरात नको. उंच छत, जुने लोखंडी खांब तसेच ठेवलेले, उघड्या विटांच्या भिंती. पेल्यात कोकम होतं, वर मिरचीची चीर, आणि आत जे काही होतं ते चांगलं होतं हे मी प्रामाणिकपणे सांगतो. बरोबर एक लहानशी बशी, तिच्यात चार घास. शेजारच्या टेबलावर चार मुली बसल्या होत्या. ऑफिसातल्या साहेबाची नक्कल करून पोट धरून हसत होत्या आणि त्यांच्याकडे कुणी वळून बघत नव्हतं. मला फाटकावरच्या बायका आठवल्या. दारूला भिऊन रस्त्यावर उभं राहण्यापासून आपल्या पैशाने, आपल्या मर्जीने, एक पेला घेऊन निर्धास्त बसण्यापर्यंत बाईमाणूस इथे चाळीस वर्षांत पोचलं. संस्कृतीच्या नावाने गळा काढणाऱ्यांनी हे जरा ध्यानात घ्यावं. मग बिल आलं. दोघांचे मिळून तीन हजारांच्या वर. दर माणशी दीड हजार. आकड्यांची सवय वाईट असते.

निर्धास्त हा शब्द मी लिहिला खरा, पण त्याला एक रात्र आडवी येते. २९ डिसेंबर २०१७ ला, मध्यरात्र उलटून काही मिनिटं झाली असतील, कमला मिलच्या आवारात 'मोजोज बिस्ट्रो' आणि 'वन अबव्ह' या गच्चीवरच्या दोन हॉटेलांना आग लागली. चौदा माणसं गेली. बहुतेक तरुण, त्यांत स्त्रिया जास्त. कुणी वाढदिवसाला आलं होतं. धुरात वाट न सापडून स्वच्छतागृहात शिरलेले तिथेच गुदमरले. हुक्क्याच्या निखाऱ्याची ठिणगी उडाली, असं अग्निशमन दलाच्या चौकशीत पुढे आलं. २०१८ साली राज्याने हुक्का पार्लरवर बंदी घातली. त्याआधी तीनच महिने, २९ सप्टेंबर २०१७ ला, एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर चेंगराचेंगरी होऊन तेवीस जण गेले होते. गिरण्या असताना या भागात माणसं किती येतात, किती वाजता येतात आणि कुठल्या फाटकाने बाहेर पडतात याचा हिशेब भोंग्याला बांधलेला होता. गिरण्या गेल्या, त्याहून जास्त माणसं आली, आणि तो हिशेब पुन्हा कुणी मांडला नाही. त्यानंतर हॉटेलात गेलो की मी आधी बाहेर पडायची वाट कुठे आहे ते बघतो. मुलगी चिडते.

आता ज्यासाठी हे लिहायला घेतलं तो भाग. हे पेले भरणारे, बशा आणणारे, पुदिना खुडणारे, मध्यरात्री भांडी घासणारे हात कुणाचे आहेत? उत्तराखंडचे, नेपाळचे, बंगालचे, ओडिशाचे, ईशान्येकडचे. वय वीस ते तीस. बार दीड वाजता बंद होतो, आवराआवर होईपर्यंत अडीच वाजतात आणि तेव्हा लोकल नसते. म्हणून जवळपास राहावं लागतं. जवळपास म्हणजे कुठे? टॉवरमध्ये नव्हे. डिलाईल रोडच्या, करी रोडच्या उरल्यासुरल्या चाळींत. एका खोलीत आठ-दहा जण. सकाळच्या पाळीचा उठून गेला की रात्रीच्या पाळीचा त्याच गादीवर झोपतो. हॉटेलात एक वेळचं स्टाफचं जेवण मिळतं. दुसऱ्या वेळचं त्यांचं त्यांनी बघायचं.

मावशींच्या चाळीत मी अधूनमधून जातो. मावशी जाऊन आता पंधरा वर्षं झाली. वही लिहिणारा मुलगा कुरिअर कंपनीत चिकटला होता, तो निवृत्तीला आला आहे. आणि त्याची बायको, जिला मी वहिनी म्हणतो, तिने खानावळ पुन्हा सुरू केली आहे. २०१६ मध्ये जिन्याखालच्या खोलीतल्या दोन पहाडी मुलांनी विचारलं, "आंटी, खाना मिलेगा?" दोनाचे पंधरा झाले. सकाळी अकराला ती पोरं ओळीने जेवायला बसतात आणि बारापर्यंत इस्त्रीचे काळे शर्ट घालून निघून जातात. घाटी-कोकणी वाद संपला. आता नेपाळी आणि बंगाली भातावरून भांडतात. वहिनी त्यांना आमटीच वाढते. "खायचं तर खा," हे सासूचं वाक्य तिने उचललं आहे. आणि 'मेंबर' हा शब्दही.

२०२० च्या मार्चमध्ये बार बंद झाले. मालकांपैकी काहींनी पगार दिले, काहींनी निम्मे, काहींनी फोन उचलणं बंद केलं. गाड्या बंद म्हणून पोरं खोलीतच अडकली. नऊ मेंबर होते. वहिनीने त्यांना अडीच महिने जेवू घातलं. मेच्या शेवटी श्रमिक गाड्यांनी पोरं गेली. हिशेब आता मोबाईलमध्ये असतो, पण तिने तो वहीतही लिहिला होता. मी विचारलं, वसूल किती झाले? नवांपैकी सहांनी वर्ष-दीड वर्षात फोनवरून पैसे पाठवले, हजार-पाचशे करत. एक परत आला तो फेडूनच जेवायला बसला. एकाचा नंबर लागत नाही. आणि एक पिथोरागढचा, त्याच्याकडे बारा हजार आहेत. तो दिवाळीला फोन करतो, विचारपूस करतो, पैशाचं काढत नाही. "मीही काढत नाही," वहिनी म्हणाली. "पोराचं लग्न झालंय आत्ताच."

गेल्या वर्षी, २०२५ च्या १४ जुलैला, राज्यातल्या परमिट रूम आणि बारमालकांनी वाढलेल्या करांविरुद्ध एक दिवसाचा बंद पाळला. गिरणगावात पुन्हा संप! त्या दिवशी पंधराच्या पंधरा मेंबर दोन्ही वेळा जेवायला हजर होते. वहिनीची तांदळाची पिशवी लवकर संपली, एवढाच त्याचा परिणाम.

मी बँकेतला म्हणून तिने मला विचारलं की मोठा गॅस आणि फ्रीज घ्यायला कर्ज मिळेल का. मिळायला हवं. मुद्रा योजनेत पन्नास हजारांपर्यंत तारण लागत नाही. मी अर्ज आणून दिला. घरचं अन्न विकायचं तर अन्नसुरक्षेची नोंदणी लागते, ती वर्षाला शंभर रुपयांत होते, तीही करून दिली. अडलं ते जागेपाशी. व्यवसायाची जागा कुठली, किती वर्षांसाठी, असा बँकेचा प्रश्न आहे आणि चाळीवर पुनर्विकासाची नोटीस लागलेली आहे. अठरा महिने संक्रमण शिबिरात काढायचे, मग वीस-बावीस मजल्यांच्या इमारतीत मालकीची जागा. वहिनीला नवं घर हवंच आहे. चाळीस वर्षं सार्वजनिक संडासाच्या रांगेत उभं राहिलेल्या बाईला ते नको कसं वाटेल? पण परवा डाळ निवडता निवडता तिने मला एक गोष्ट विचारली, आणि अर्जाच्या कुठल्याच रकान्यात तिची सोय नाही.

"साहेब, तिथे लिफ्ट असणार, खाली वॉचमन असणार. रोज सकाळी अकरा वाजता पंधरा पोरं जेवायला वर आलेली सोसायटीला चालतील का हो?"